खुर्चीचं कातडं कुणी कुजवलं?

आज बोलायचंय चामडी सोफ्याबद्दल, म्हणजे ज्यावर आपण क्वचित बसतो आणि जो रोज पुसतो, त्याच्याबद्दल. आमच्या गटांतल्या बऱ्याच जणी तालुक्याच्या गावी बंगल्यांत, दवाखान्यांत, लग्नाच्या हॉलवर साफसफाईला जातात. चामडी खुर्ची कशानं पुसायची, हा प्रश्न त्यांनीच मासिक बैठकीत काढला. आम्ही उत्तर शोधत निघालो ते लंडनपर्यंत गेलो आणि परत आपल्याच माळावरच्या तरवडापाशी येऊन थांबलो. त्यामुळे आज पुसण्याची कृती शेवटी सांगू, आधी थोडा इतिहास ऐका.

लंडनमध्ये अथेनियम नावाचा एक क्लब आहे. 1824 साली तो निघाला. शास्त्रज्ञ, लेखक, धर्मगुरू अशी तालेवार मंडळी तिथं चामड्यानं मढवलेल्या आरामखुर्च्यांत बसून वाचत असत. (बायकांना तिथं सभासद व्हायला 2002 साल उजाडलं, हे जाता जाता.) तिथं नव्या चालीप्रमाणं दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे आले. उजेड झकास पडला, पण काही वर्षांत खुर्च्यांचं कातडं कुजायला लागलं. चिरा पडल्या, पापुद्रे सुटले, बोट लावलं की भुकटी. 1843 साली या खुर्च्यांचं दुखणं काय, हे मायकेल फॅरडे यांनी तपासलं. विजेच्या मोटरचं आणि जनित्राचं मूळ ज्यांच्या प्रयोगांत आहे तेच हे फॅरडे. क्लब निघाला तेव्हा त्याचे पहिले सचिवही तेच होते.

फॅरडे लोहाराचे चिरंजीव. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडं उमेदवारीला राहिले आणि सात वर्षं तिथंच काम शिकले. म्हणजे कातडं त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं, हातांनी कापलं होतं, चिकटवलं होतं. त्यांनी निदान केलं की दोष दिव्यात आहे. कोळशाच्या गॅसमध्ये गंधक असतं. गॅस जळला की गंधकाचा धूर हवेत मिसळतो, कातडं तो शोषून घेतं आणि आतल्या आत त्याचं आम्ल तयार होतं. गंधकाचं आम्ल म्हणजे जळजळीत तेजाब. ते कातड्याचे धागे खातं. यावर त्यांनी उपाय सुचवला तो दिव्याचा धूर नळीनं खोलीबाहेर काढण्याचा. खुर्चीला लावायचं कुठलं मलम त्यांनी दिलं नाही, खोलीची हवा सुधारली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम पडणार आहे.

आता कातडं म्हणजे काय ते पाहू. जनावराची ओली कातडी तशीच ठेवली तर कुजते, वाळवली तर पत्र्यासारखी कडक होते. तिला कातडं बनवायचं तर कमावावं लागतं. ‘कातडं कमावणं’ हा आपल्या भाषेतला शब्द आम्हाला फार आवडतो. शरीर कमावतात, नाव कमावतात, तसं कातडं कमावतात. कष्टाशिवाय तिन्ही होत नाहीत.

कोल्हापूरकडची जुनी पद्धत अशी. कातडी चुन्याच्या पाण्यात भिजत घालायची, म्हणजे केस सुटतात. मग आतलं मांस तासायचं. चुना धुऊन काढायचा. नंतर बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याच्या पाण्यात ती मुरवायची. शेवटच्या टप्प्याला तर त्या कातडीचीच पिशवी शिवायची, ती टांगायची आणि तिच्यात सालीचं पाणी भरायचं. पाणी झिरपत राहतं, खाली पडलेलं पुन्हा वर ओतत राहायचं. हे काम दिवसांत होत नाही, आठवडे जातात. साल आणि हिरडा यांत जो तुरटपणा आहे, आवळा चावल्यावर जिभेला जो कोरडेपणा येतो तोच, तो कातडीच्या धाग्यांना धरून बसतो आणि कुजणं थांबतं.

हे काम आपल्याकडं ढोर-कक्कय्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या केलं. कमावलेल्या कातड्याचा जोडा, चप्पल, वादी, मोट चर्मकार समाजानं केली. यांत बायकांचं काम किती होतं हे फारसं कुठं लिहिलेलं सापडत नाही, पण कोल्हापुरी चपलेवरची बारीक वेणी बघा. ती गुंफणारे हात बहुतेक बायकांचेच असतात, आजही.

आणि मोटेचं काय? विहिरीतलं पाणी मोटेनं वर यायचं. ज्यानं मोटेचं कातडं कमावलं आणि ज्यानं ती शिवली, त्यांना मात्र गावच्या विहिरीवर घागर बुडवता येत नव्हती. सोफ्याच्या इतिहासात ही गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. आमचं म्हणणं असं की कातड्याची निगा कशी राखावी याचं ज्ञान ज्यांच्याकडं होतं, त्यांना कुणी विचारलंच नाही म्हणून ते ज्ञान कागदावर आलं नाही. मोटेला, जोड्याला ‘तेल पाजायचं’, असं म्हातारी माणसं म्हणतात. पाजायचं म्हणजे हातानं थोडं थोडं चोळून जिरवायचं, वर थापायचं नाही. एरंडेल, करंजेल, जे घरात असेल ते. रोज पाण्यात जाणाऱ्या, उन्हात तापणाऱ्या वस्तूला ते हवंच होतं. सोफा विहिरीत जात नाही. म्हणून मोटेची रीत सोफ्याला लागत नाही, हेही ते म्हातारे एका वाक्यात सांगतील.

आता तरवडाकडं येऊ. तरवड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मुरमाड माळावर येतो, जनावरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत, पिवळीधमक फुलं येतात. नवरात्रात घटावर त्या फुलांची माळ चढते. याच तरवडाची साल दक्षिण भारतात कातडी कमावायला वापरत. तिनं शेळ्यामेंढ्यांची कातडी मऊ, फिकट रंगाची आणि स्वस्तात तयार होत. मद्रासहून ती जहाजं भरभरून लंडनला जात. गंमत म्हणजे तिकडच्या व्यापारात त्यांचं नाव ‘पर्शियन’! माल मद्रासचा, साल तरवडाची आणि नाव इराणचं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या ग्रंथालयांत हाकाटी झाली. चारशे वर्षांपूर्वीची पुस्तकं ठणठणीत होती आणि तीस वर्षांपूर्वी बांधलेल्यांचं कातडं गळून पडत होतं. सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेनं 1900 साली समिती नेमली. तिच्या कामाचा सविस्तर अहवाल 1905 साली पुस्तकरूपानं निघाला. समितीत कातडी कमावण्याचे रसायनतज्ज्ञ होते, पुस्तकं बांधणारे कारागीरही होते. त्यांना दिसलं की साधारण 1830 नंतरचं कातडं जास्त कुजलंय. कारणं अनेक सापडली. गॅसचे दिवे हे एक, म्हणजे फॅरडे यांचंच निदान पुन्हा. दुसरं, रंग चढावा म्हणून कारखानदार कातडं गंधकाच्या आम्लात बुडवत, ते आम्ल आतच राहून जाई. तिसरं कारण होतं सालीचं. कमावण्याच्या साली दोन कुळांतल्या निघाल्या. भूमध्य समुद्राकडच्या सुमाक नावाच्या झुडपाच्या पानांनी कमावलेलं कातडं सगळ्यांत टिकाऊ ठरलं. आपला हिरडा त्याच कुळातला. तरवड दुसऱ्या कुळातला, आणि त्यात कमावलेलं ‘पर्शियन’ कातडं सगळ्यांत लवकर तांबडं पडून भुकटी होणारं ठरलं. या रोगाला तिकडं ‘तांबडी कूज’ म्हणतात. आपल्या गावच्या जुन्या वाचनालयात कातडी पुठ्ठ्याचं पुस्तक काढताना हाताला विटकरी भुकटी लागली असेल, तर ती हीच. समितीचं काम पुस्तकांपुरतं होतं, पण सालीत कमावलेलं कातडं पुस्तकावर असो की खुर्चीवर, त्याचा स्वभाव तोच.

म्हणजे तरवड वाईट का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्याकडं त्या कातड्याचा जोडा दोन-तीन वर्षं वापरून टाकायचा असे, तेवढ्याला ते उत्तम. शंभर वर्षं कपाटात, तेही लंडनच्या धुरात, हा करार त्या झुडपानं कधी केला नव्हता. आणि हिरड्याचं नाव झालं ते आपण विसरलो. सह्याद्रीतल्या आदिवासी बायकांनी वेचलेला हिरडा मुंबई इलाख्यातून युरोपच्या कारखान्यांना जाई. तिथल्या बाजारात त्याच्या प्रतींना इकडच्या गावांची नावं होती. त्यातली एक प्रत ‘व्हिंगोर्ला’, म्हणजे आपलं वेंगुर्ला बंदर.

या वादाचा पुढं एक छान पडताळा झाला. 1930 च्या दशकात तऱ्हेतऱ्हेच्या कातड्यांत पुस्तकं बांधून काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवली आणि काही वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, समुद्राकाठच्या स्वच्छ हवेत. कातडं तेच, बांधणी तीच. कित्येक वर्षांनी पाहिलं तर लंडनच्या हवेतली जास्त खराब झालेली. हवा हा मोठा गुन्हेगार, हे आता हातात धरून दाखवता आलं.

मधल्या काळात कमावण्याची नवी तऱ्हा आली होती. क्रोमियम धातूच्या क्षारानं कातडं कमावता येतं हे जर्मनीतल्या फ्रीडरिश क्नाप यांनी 1858 साली दाखवलं. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी 1884 साली त्याचं पेटंट घेतलं आणि कारखान्यांनी ती पद्धत उचलली. आठवड्यांचं काम एक-दोन दिवसांवर आलं. हे क्रोम कातडं मऊ, पातळ, पाण्यालाही दाद न देणारं. आपल्या देशात ते आलं कशासाठी माहीत आहे? मोटेसाठी! मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1903 साली क्रोम कातड्याचे प्रयोग सुरू केले ते विहिरीवरच्या मोटा जास्त टिकाव्यात म्हणून. पुढं चेन्नईत क्रोम कातड्याचा कारखाना निघाला त्या उपनगराचं नाव आजही क्रोमपेट आहे. (या पद्धतीनं पाणी किती नासतं, हा निराळा विषय. तमिळनाडूत वेल्लोरकडच्या टॅनऱ्यांनी जमीन आणि विहिरी खराब केल्या, त्यावर 1996 साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.) आज दुकानात दिसणारे खऱ्या चामड्याचे बहुतेक सोफे क्रोम कातड्याचे असतात. त्यांना तांबडी कूज सहसा लागत नाही. त्यांची दुखणी वेगळी.

आणि तिसरा प्रकार, जो चामडं नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये कापडावर रसायनाचा थर देऊन चामड्यासारखं दिसणारं कापड निघालं, त्याचं व्यापारी नाव रेक्झिन. मोटारींच्या गाद्या, रेल्वेचे डबे, पुस्तकं, सगळीकडं ते गेलं. आपण आज प्लॅस्टिकच्या थराचं काहीही असलं तरी त्याला रेक्झिनच म्हणतो. आता त्यात पीव्हीसी आणि पीयू असे दोन मुख्य प्रकार येतात. पीयूचा थर दिसायला अगदी चामड्यासारखा, दुकानदार ‘लेदर फिनिश’ म्हणून विकतो. पण दमट हवेत तो आपोआप विरत जातो आणि काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघतात. पुसा किंवा पुसू नका, निघतात.

इथंच आमच्या गटातल्या दोघींची गोष्ट सांगायला हवी. एका बंगल्यावर त्या तीन वर्षं काम करत होत्या. दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या हातांवरून आणि बैठकीवरून पापुद्रे निघायला लागले. मालकीणबाई म्हणाल्या, तुम्ही फिनेलनं पुसलंत. दोघी म्हणाल्या, तुम्ही दिलेल्या ओल्या फडक्याशिवाय आम्ही काही लावलं नाही. पगारातून पैसे कापले गेले. एकीचा तर त्या महिन्याचा भिशीचा हप्ताही चुकला. पुढं त्या सोफ्याचा निघालेला तुकडा आम्ही बघितला. खाली पांढरं विणलेलं कापड, वर पातळ तपकिरी पापुद्रा. चामड्याला खाली विणलेलं कापड नसतं, दोरेदार मखमलीसारखी पाठ असते. ते पीयू होतं आणि आपल्या मरणानं मेलं होतं. चामड्याच्या भावानं भरपाई घेतली गेली ती प्लॅस्टिकची. अथेनियमच्या खुर्च्यांना निदान फॅरडे भेटले.

पैसे परत मिळाले नाहीत. पण तेव्हापासून आमच्या गटाच्या बायका नव्या घरी काम धरताना पहिल्या दिवशी सोफा घरच्या माणसासमोर तपासतात, चिरा-डाग असतील ते मोबाईलवर टिपून ठेवतात आणि कशानं पुसायचं ते घरच्यांकडून स्पष्ट वदवून घेतात. सुरुवातीला काही घरी याचा राग आला. आता येत नाही, किंवा आला तरी बोलून दाखवत नाहीत.

तर आता ओळखायचं कसं ते. शिवणीखाली, पाठीमागं, जिथं कुणाला दिसत नाही अशा जागी बघा. कडेला कापड दिसलं तर रेक्झिन. चामडं असेल तर त्याच लपलेल्या जागी बोटानं पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर कातड्यावर रंगाचा थर दिलेला आहे, घरोघरी बहुतेक हेच असतं. थेंब लगेच आत जिरून काळसर डाग पडला तर ते उघडं कातडं, थर न दिलेलं. ते महाग, दिसायला सुंदर आणि फार नाजूक. तिसरं मखमलीसारखं लवदार, हात फिरवला की छटा बदलणारं. त्याला स्वेड किंवा नुबक म्हणतात.

थर दिलेल्या चामड्याचं काम सोपं. आधी कोरड्या मऊ सुती फडक्यानं धूळ काढा, शिवणींत अडकलेली मऊ ब्रशनं. कारण धूळ म्हणजे बारीक वाळू, ती तशीच घासली की पॉलिश कागदाचं काम करते. मग फडकं पाण्यात बुडवून इतकं पिळा की एक थेंब गळू नये, आणि हलक्या हातानं पुसा. मळ जास्त असेल तर अंगाला लावायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात, जास्त नाही. लगेच साध्या ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. कपड्यांची पावडर, धुण्याचा सोडा, फिनेल, काच पुसायचं निळं पाणी, स्पिरिट, रॉकेल यांतलं काही चालत नाही. चामडं किंचित आंबट स्वभावाचं असतं, सोड्याच्या खारेपणानं ते कडक पडतं. स्पिरिटनं रंग उतरतो.

उघड्या कातड्याला पाणी शक्यतो लावूच नका. कोरडं फडकं, बस. चहा सांडला तर टिपून घ्या, घासू नका. स्वेडला तर फक्त कोरडा ब्रश. तेलाचा डाग पडला तर त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. त्यानं गेलं नाही तर घरच्यांना सांगा, तिथून पुढं ते तुमचं काम नाही.

आणि तेल? आमच्याकडं सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच. खोबरेल, गोडेतेल, तूप, काही नको. थर दिलेल्या कातड्यात ते जिरतच नाही, वर चिकटतं, धूळ धरतं आणि पुढं खवट वास मारतं. उघड्या कातड्याचा रंग कायमचा काळवंडतो. तिकडं ब्रिटिश म्युझियमचं एक मलम फार प्रसिद्ध होतं. मेंढीच्या लोकरीतली चरबी, मधमाशीचं मेण आणि देवदार जातीचं तेल त्यात असे. जुन्या पुस्तकांना पिढीभर ते चोळलं गेलं. आता तिथलेच जतन करणारे लोक ते सर्रास लावत नाहीत, कारण कुजलेलं कातडं मलमानं परत बरं होत नाही, उलट चिकट होतं. घरच्यांनी चामड्यासाठीचं तयार क्रीम आणून दिलं तर तेवढंच, बाटलीवर लिहिलंय तसं, आधी लपलेल्या जागी लावून बघून.

तुमच्याकडं अगदी जुनी, वडिलोपार्जित चामडी खुर्ची असेल आणि तिला विटकरी भुकटी सुटत असेल, तर ओलं फडकं लावूच नका. पाण्यानं ते कातडं काळं पडून ताठरतं. तिच्यावर सुती चादर घाला आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब सरकवा.

राहिला पावसाळा. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मैत्रिणींचं हे नेहमीचं दुखणं, सोफ्यावर पांढरी बुरशी. ती घरात झटकू नका, सगळीकडं पसरते. जड सोफा हलत नसेल तर खिडक्या उघडून, नाका-तोंडाला फडकं बांधून, कोरड्या कापडानं एका दिशेनं टिपत काढा आणि ते कापड लगेच गरम पाण्यात टाका. मग पंखा लावून ठेवा. कडक उन्हात काढू नका, चामडं तडकतं. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर चार बोटं पुढं ओढा, मागून हवा खेळू द्या. बुरशी निम्म्याहून अधिक तिथूनच येते. प्लॅस्टिकचं आच्छादन घालून ठेवण्याची काही घरांत पद्धत आहे. पावसाळाभर ते काढून ठेवायला सांगा, आत दमटपणा कोंडतो. ऐकलं नाही तर निदान तुम्ही सांगितल्याची तारीख वहीत लिहून ठेवा.